दोन सह्यांचं घर

८ फेब्रुवारी २०१६, सोमवार

पत्र आलं. सगळ्या ड्रायव्हरांना एकच मजकूर, नाव तेवढं वेगळं. मेच्या शेवटी आमचे शाळेच्या बसचे सगळे मार्ग एका खाजगी कंपनीकडे जाणार. 'आपल्या सेवेबद्दल आभार.' एकोणीस वर्षं, आणि आभार एका ओळीत!

हर्शेल म्हणाला, "निदान तुझं नाव तरी बरोबर लिहिलंय. मला गोदामातून काढलं तेव्हा आडनाव चुकवलं होतं."

हसले. मग बाथरूममध्ये जाऊन रडले. मग बाहेर येऊन कॉर्नब्रेडचं पीठ भिजवलं. नवरा हसवणारा मिळाला, हे माझं नशीब.

११ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळची फेरी नऊला संपते, दुपारची दीडला सुरू. मधले साडेचार तास एरवी मी बसमध्येच पाय पसरून काढते. आज वाचनालयात गेले. फुकट वर्ग होता - होलसेलमध्ये घरं कशी विकायची!

शिकवायला मिस इमोजीन क्रचर. सत्तरीच्या पुढच्या. पायात मिस्त्रीचे बूट, नखांत पांढरा रंग. इथे मेम्फिस शहरात अकरा घरं आहेत त्यांची, सगळी पडकी घेऊन स्वतः उभी केलेली. म्हणाल्या, "रिकामं घर शोधा. मालक गाठा. भाव ठरवून करारावर सही घ्या. मग तो करार माझ्यासारख्या रोख पैसे मोजणाऱ्याला द्या. घर तुमच्या नावावर होतच नाही. मधला फरक तुमचा."

मागून कोणीतरी म्हणालं, "म्हणजे दलालीच की!"

"दलाल दुसऱ्याचं घर विकतो, बाबा. तू स्वतःचा करार विकतोस. आणि मालकाला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगायचं, की मी स्वतः घेणार नाही, दुसऱ्याला देणार, आणि त्यात माझे पैसे आहेत. हे लपवणाऱ्यानं माझ्या दारात यायचं नाही."

वर्ग संपल्यावर मी पुढे गेले. म्हणाले, मी ऑरेंज माउंड वस्तीतून रोज दोनदा बस नेते, तिथलं प्रत्येक रिकामं घर मला पाठ आहे. त्यांनी चष्मा खाली घेऊन माझ्याकडे पाहिलं. "मग पोरी, तू इथे काय करतेयस? जा, एखादं घेऊन ये!"

१३ फेब्रुवारी, शनिवार

पुठ्ठ्याच्या पिवळ्या वीस पाट्या रंगवल्या. 'घर घेते. रोख. व्हर्निटा.' खाली फोन नंबर.

हर्शेल बघत उभा. "होलसेल म्हणजे डझनावर देणार का किलोवर?"

म्हटलं, खांद्याचं दुखणं बाजूला ठेव आणि शिडी धर. धरली बिचाऱ्यानं. एका हातानं.

१७ फेब्रुवारी, बुधवार

चौदा फोन. तीन शिव्या. एक नगरपालिकेचा - खांबांवरच्या पाट्या काढा, नाहीतर दंड. एका माणसानं विचारलं, "घराबरोबर मलाही घेणार का? मी स्वयंपाक करतो."

हर्शेलनं फोन हातातून घेतला नि म्हणाला, "जागा भरलीय, साहेब."

पाट्या काढल्या. शिडी पुन्हा त्यानंच धरली.

२४ फेब्रुवारी, बुधवार

आता दारं वाजवते. आज अकरा. दोन उघडली.

पहिल्या दारातली बाई म्हणाली, "तुम्हा लोकांना लाज नाही वाटत?" तिला पाहून आई आठवली. 

दुसऱ्या दारात एक म्हातारी. घर विकायचंच नव्हतं तिला. पण थंडीत उभी का म्हणून आत घेतलं, गरम गोड पीच कॉबलर खायला दिलं, तासभर तिच्या गुडघ्यांविषयी सांगितलं. वहीत तिच्या घरापुढे लिहिलंय - 'नाही, पण कॉबलर.'

३ मार्च, गुरुवार

पहिल्या करारावर सही!!! मिस इमोजीनना भर दुपारी फोन केला, बसमधूनच - बस उभी होती.

४ मार्च, शुक्रवार

सही करणारा भाडेकरू निघाला. मालक टेक्सासमध्ये, त्याला पत्ताच नाही!

मिस इमोजीन इतक्या हसल्या की त्यांना खोकला लागला. "अगं, मी तर पहिल्या वर्षी चर्चची खोली विकत घेतली होती पहारेकऱ्याकडून! आधी कोर्टात जाऊन मालकाचं नाव बघायचं, मग दार वाजवायचं." रागावल्या नाहीत. उलट दुपारी जेवायला घेऊन गेल्या. त्यांना माझ्यासाठी वेळ आहे, याचंच मला रोज नवल वाटतं.

८ मार्च, मंगळवार

हॉलीओक रस्त्यावरचं घर. एकोणीस वर्षांत मी त्याकडे नीट पाहिलंच नव्हतं, कारण त्याचं गवत कधी वाढत नाही! आपण शोधतो गुडघाभर गवत. हे घर बंद - पडदे तेच, पोर्चच्या छताची एक कड लोंबतेय, पत्रपेटी गंजलेली. पण अंगण? न्हाव्यानं केस कापावेत तसं. सरळ पट्टे.

तिथे कोणी राहत नाही. मग गवत कोण कापतं?

१० मार्च, गुरुवार

आधी कोर्टात गेले, शहाणी झालेय आता. घर दोघांच्या नावे. लुशियस टेट आणि ओझेला बर्डसाँग. भाऊ-बहीण. आईच्या मृत्युपत्रातून, सात वर्षांपूर्वी. भावाचा पत्ता जुना, बहिणीचा साउथहेवनचा, मिसिसिपीच्या हद्दीत.

१२ मार्च, शनिवार

सकाळी आठपासून हॉलीओकवर गाडीत बसून. थर्मासमध्ये कॉफी. दहाला हिरवी पिकअप आली, मागे गवत कापायची मशीन. उंच माणूस, सत्तरीचा, फीत लावलेली हॅट. मशीन उतरवली नि कापायला लागला. अर्धं अंगण झाल्यावर पिकअपला टेकून उभा राहिला, छाती भात्यासारखी हलत होती. मी उतरून पाण्याची बाटली दिली.

"तुम्ही नगरपालिकेच्या?"

"नाही, मिस्टर टेट. मी शाळेची बस चालवते. आणि घरांचे करार करते. म्हणजे, करायचेत. अजून एकही झाला नाही."

हसले ते. दात छान. मी सगळं सांगितलं, मिस इमोजीननी सांगितलं तसं - घर दुसऱ्याला देणार, त्यात माझा वाटा. ते ऐकत राहिले.

"आत या म्हटलं असतं बाई, पण किल्ली माझ्याकडे नाही. किल्ली बहिणीकडे. दर दुसऱ्या शनिवारी येतो, कापतो, जातो. सात वर्षं झाली. बाहेरचं तेवढं माझं."

"त्या येतात कधी?"

"माहीत नाही. आम्ही बोलत नाही."

मग कडेला बसून त्यांनी सांगितलं. ते ट्रक चालवायचे, लांब पल्ल्याचे. आई गेली तेव्हा टेक्सासमध्ये, ॲमरिलोच्या पुढे होते. रात्रंदिवस गाडी हाणली, तरी दोन तास उशीर. दफनानंतर सगळे जेवायला बसले होते, तेव्हा ओझेला भर पंगतीत म्हणाली, "ट्रकमध्येच राहायचं होतंस. इथे कोण वाट बघत होतं?" ते ताट तसंच ठेवून निघाले. त्यानंतर एक शब्द नाही.

"विकायला माझी ना नाही," म्हणाले. "मशीन ढकलवत नाही आता. पण तिला विचारायला मी जाणार नाही. तुम्ही जा."

१६ मार्च, बुधवार

वसंताची सुट्टी, बस नाही. साउथहेवनला गेले.

मिसेस बर्डसाँग - 'मिस ओझेला म्हण' म्हणाल्या - चौऱ्याहत्तरच्या. निवृत्त परिचारिका. घर असं की चमचासुद्धा जागचा हलायला घाबरेल. करार, माझा वाटा, मिस इमोजीन, सगळं सांगितलं. त्यांनी कागद दोनदा वाचला. शंका विचारल्या, एकेक नेमकी.

मग म्हणाल्या, "लुशियसला भेटलीस?"

"हो."

"कसा आहे?" - आणि लगेच - "नको सांगूस. मला काय करायचंय."

चहा ओतला. त्यांचा हात स्थिर, आवाज तेवढा स्थिर नाही. "सात वर्षं मी एकटी त्या घराचा कर भरते. त्याला तिथे जाऊन बघावंसंही वाटलं नाही. परकी माणसं बरी. आईच्या चर्चमधली मंडळी अजून अंगण राखतात, माहितेय? गेल्या साली गाडीतून गेले होते तिथून. एक पान वाढलेलं नाही. मी दर नाताळात पाद्रींना आभाराचं पाकीट पाठवते."

मी तोंड उघडलं.

आणि बिस्किट घातलं त्यात.

१७ मार्च, गुरुवार

मिस इमोजीनना सांगितलं. त्या एका न्हाणीघराची फरशी बसवत होत्या, गुडघ्यांवर. हातातली थापी खाली ठेवली.

"ऐक पोरी. माझा तिसरा सौदा. दोन भाऊ. मी मध्ये पडले, गोड बोलले, दोघं गळ्यात गळे घालून रडले. आणि घर ठेवून घेतलं. माझे सहा महिने पाण्यात. सह्या होईपर्यंत घरच्या भानगडीत बोट घालायचं नाही. नंतर काय सांगायचं ते सांग. खोटं बोल म्हणत नाहीये मी. गप्प राहा म्हणतेय."

खरं आहे. मला कुणी विचारलेलंही नाही. आणि मेअखेर काही लांब नाही.

१९ मार्च, शनिवार

मिस्टर टेटनी पिकअपच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. पेन परत देताना म्हणाले, "ती बरी आहे का?"

म्हटलं, बरी आहे. हात स्थिर आहे.

"परिचारिका होती ना," म्हणाले. जणू मला तेवढंच सांगायचं होतं.

२३ मार्च, बुधवार

मिस ओझेलांची सही! दोन सह्या, एक कागद, खरे मालक! सव्वीस हजार डॉलरला त्यांच्याकडून, एकतीसला मिस इमोजीनना, मधले पाच माझे - खरेदीखत झाल्यावर. पंचेचाळीस दिवसांची मुदत.

हर्शेलनं कागद उजेडात धरला, उलटा केला, वास घेतला. "खरा दिसतोय."

मग मला स्वयंपाकघरातच गोल फिरवलं. खांद्यासकट. देवा, तुझे उपकार!

२७ मार्च, रविवार

ईस्टर. पांढरी टोपी घातली. चर्चमध्ये उभी राहून आभार मानले - नवऱ्याचे, मिस इमोजीनचे, पुढचा रस्ता दाखवल्याचे. शेजारची बाई म्हणाली, तुझा चेहरा दहा वर्षांनी लहान झालाय. पाच म्हणाली असती तरी चाललं असतं!

६ एप्रिल, बुधवार

टायटल ऑफिसातून फोन, म्हणजे जिथे जुने कागद तपासून खरेदीखत होतं तिथून. एकसष्ट सालच्या कागदावर त्या दोघांच्या आईचं नाव 'ओडेसा', मृत्युपत्रावर 'ओडिसा'. दोघी एकच हे सिद्ध करा!

एका अक्षरासाठी तीन खेपा. चर्चचं जुनं रजिस्टर, जन्माचा दाखला. मिस ओझेलांनी शोधून दिला, प्लास्टिकमध्ये घातलेला. मिस्टर टेटनी आईच्या हातचं एक पत्र दिलं, खाली सही - 'ओडेसा टेट'. मी दोन्ही घेऊन गेले. आईची दोन टोकं दोघांकडे, आणि मधे माझी हँडबॅग.

१३ एप्रिल, बुधवार

मिस ओझेला फोनवर, सहज - "तो अजून ती फीत लावलेली हॅट घालतो का?"

मिस्टर टेट गेल्या आठवड्यात, सहज - "तिनं ते निळं कपाट ठेवलंय का?"

दोघांना उत्तरं दिली. हो. हो. तेवढीच.

२० एप्रिल, बुधवार

कागद साफ झाले. २९ एप्रिल, शुक्रवार, अकरा वाजता खरेदीखत.

२७ एप्रिल, बुधवार

 सकाळपासूनचं एकेक लिहिते.

घर रिकामं करायला मिस ओझेला आल्या, दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात मी मदतीला. दार उघडलं तर कोंदट वास, पण सगळं नीट. आईच्या खोलीतल्या पडद्यांच्या कड्या काढत होतो आम्ही. पडदा खाली आला आणि अख्खं अंगण दिसलं - हिरवं, सरळ पट्ट्यांचं. शनिवारचं ताजं.

त्या खिडकीशी थांबल्या. "देव भलं करो त्या लोकांचं," म्हणाल्या. "माझ्या सख्ख्या भावाला कधी पाय ठेवावासा वाटला नाही, आणि बघ."

मी पडद्याची घडी घालत होते. घडी नीट होईना. म्हटलं, "मिस ओझेला, चर्चचं कुणी नाही येत. ते लुशियस आहेत. दर दुसऱ्या शनिवारी. सात वर्षं."

त्या वळल्या नाहीत.

"तुला कसं कळलं?"

"मी पाहिलं त्यांना. मशीन घेऊन आले होते."

कधी पाहिलं, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

पलंगाच्या उघड्या चौकटीवर बसल्या. मग उठून बाहेर गेल्या. चपला पायरीवर काढल्या. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई अनवाणी, त्या पट्ट्यांवरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेली आणि परत आली. मी दारात उभी.

"आता तू जा, व्हर्निटा," म्हणाल्या. "किल्ली माझ्याकडे ठेव."

गेले. दुपारच्या फेरीत एक थांबा चुकवला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

२८ एप्रिल, गुरुवार

मिस इमोजीन - "सांगितलंस? उद्या खरेदीखत, आणि काल सांगितलंस?"  मग म्हणाल्या, "बरं. उद्या दोघं आली तर घर मिळेल, नाही आली तर अनुभव मिळेल. मी चेक घेऊन येतेच आहे."

यांच्यासारखी बाई मला का भेटली, कुणाच्या पुण्याईनं, ठाऊक नाही.

हर्शेलनं कॅटफिश तळून ठेवला होता. खाल्ला नाही तरी रागावला नाही.

२९ एप्रिल, शुक्रवार

सगळं सांगते.

पावणेअकराला मिस्टर टेट आले, टाय लावून. हॅट मांडीवर. "ती येणार नाही," म्हणाले. "दुसऱ्या खोलीत सही करेल. तसं करतात ना?"

अकरा. अकरा पाच. अकरा दहा. मिस इमोजीन घड्याळाकडे बघत नव्हत्या, म्हणजे बघतच होत्या.

अकरा बाराला दार उघडलं. मिस ओझेला. जांभळा सूट, जांभळी हॅट. सरळ टेबलापाशी आल्या, भावाच्या शेजारची खुर्ची ओढली नि बसल्या. पर्स टेबलावर. 

त्यांनी भावाकडे न बघता म्हटलं, "कडा कापत नाहीस तू."

मिस्टर टेटनी मांडीवरची हॅट टेबलावर ठेवली.

"मधलं छान कापतोस. कुंपणाकडचं तसंच. बुधवारी पाहिलं मी."

"तिथे मशीन पोचत नाही, ओझी."

"कात्री पोचते."

"कमरेतून वाकवत नाही आता."

"हं," म्हणाल्या त्या.  मग पर्समधून रुमाल काढला, स्वतःसाठी नाही, त्याच्यापुढे ठेवला. "माझ्याकडे अंगण आहे अर्ध्या एकराचं. एक माणूस लावलाय, तो पैसे घेतो आणि माझी अझेलियाची फुलझाडं कापून टाकतो. उद्या शनिवार आहे."

"उद्या माझी पाळी नाही," म्हणाले ते. रडत होते. "गेल्याच शनिवारी कापलंय, तर..."

"लुशियस, मी गवताचं बोलतेय का?"

टायटल ऑफिसातली मुलगी उठून पाणी आणायला गेली आणि बराच वेळ आलीच नाही.

मी मनात घर सोडून दिलं होतं. खरंच. आता हे ठेवून घेणार, मिस इमोजीननी सांगितलंय तसं. आणि मला वाईट वाटत नव्हतं, किंवा थोडंच. पण मिस ओझेलांनी पेन उचललं. "आण इकडे कागद. ते घर आईचं होतं. आई तिथे नाही. आम्ही दोघं आहोत, आम्हाला ते काय करायचंय?"

सही. सही. मिस इमोजीनची सही. माझी सही!

बाहेर आल्यावर मिस इमोजीननी चेक माझ्या हातात दिला आणि माझ्या गालावर थाप मारली, जरा जोरातच. "पन्नास वर्षांत माझा सल्ला आज पहिल्यांदा चुकला," म्हणाल्या. "तुला सांगते, असा दुसऱ्यांदा चुकला तरी आवडेल."

३० एप्रिल, शनिवार

चेक फ्रिजवर, लोहचुंबकाखाली. हर्शेल येता-जाता त्याला सलाम करतो.

८ मे, रविवार

चर्चमध्ये साक्ष दिली, देवानं माझ्यासाठी काय केलं त्याची. उभी राहिले, सगळं सांगितलं - पत्र, पाट्या, भाडेकरू, भाऊ-बहीण. म्हटलं, "देव उशीर करत नाही. बरोबर दोन दिवस आधी त्यानं माझं तोंड उघडलं." सगळं चर्च उभं राहिलं. ऑर्गन सुरू झाला. एक बाई खाली बसेचना.

तारखा सगळ्या नाही सांगितल्या. साक्षीत तारखा कोण सांगतं.

११ मे, बुधवार

मिस ओझेलांचा फोन. घराबद्दल काही नाही. नुसता. लुशियस शनिवारी येतो, आणि आता मंगळवारीही, आणि आज बुधवार असूनही पुन्हा आला. त्याला तिच्या भाज्यांत मीठ कमी वाटतं. ती म्हणाली, तुझ्या रक्तदाबाला तेवढंच बरं. तो म्हणाला, सात वर्षं रक्तदाब ठीक होता. दोघं फोनवर एकाच वेळी बोलत होती, मला एकाचंही नीट ऐकू आलं नाही. किती दिवसांनी इतकी हसले!

मिस्टर टेटनी एक नंबर दिला. त्यांच्या ओळखीचा जुना ट्रकवाला, फ्रेझर भागात दोन घरं, विकायचीत. "त्याला सांगितलंय, ही बाई खरं बोलते."

१४ मे, शनिवार

ट्रकवाल्याचं पहिलं घर, करारावर सही. आधी कोर्टात नाव पाहिलं होतं!

मिस इमोजीन दुसऱ्या एका रोख घेणाऱ्याशी ओळख करून देणार. मागच्या महिन्यात रात्री उठून वहीतले आकडे मोजायचे. आता काही नाही. सकाळी बस सुरू करते तेव्हा मनात म्हणते, आणखी बाराच दिवस, आणि बरं वाटतं. वाईटही. पण जास्त बरं.

१९ मे, गुरुवार

मिस्टर टेट काल गेले. मिस ओझेलांच्या पोर्चवर, खुर्चीत. जेवण झालं होतं.

मिस ओझेलांनी स्वतः फोन केला. आवाज स्थिर. म्हणाल्या, "तीन आठवडे मिळाले मला. पुरे तीन आठवडे. तुझ्यामुळे, व्हर्निटा. हे उपकार मी विसरणार नाही."

मी म्हटलं, "नऊ मिळाले असते, मिस ओझेला. मला सोळा मार्चपासून माहीत होतं. तुमच्याच घरी, चहा पिताना. सह्या होईपर्यंत गप्प राहिले."

पलीकडे घड्याळ वाजत होतं. त्यांच्या स्वयंपाकघरातलं.

मग म्हणाल्या, "मला तुझा राग आलाय. खूप राग आलाय." आणि थोड्या वेळानं - "शनिवारी अकराला, चर्चमध्ये दफनाची प्रार्थना. मागे बसू नकोस. आमच्या बाकावर बस."